जुन्या कोर्टातला पिंजरा

पहिला दगड आला तेव्हा मी जुन्या कोर्टाच्या चबुतऱ्यावर उभी राहून बायकांना शिक्का कुठं मारायचा ते दाखवत होते. फळ्यावर खडूनं दोन बाटल्या काढल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी. दुसऱ्या दिवशी मतदान होतं. उभीवर जास्त शिक्के पडले तर देशी दारूचं दुकान राहणार, आडवीवर पडले तर उठणार. दगड वरच्या झरोक्याची काच फोडून आला आणि थेट चंद्रभागा राऊतच्या कपाळावर बसला. ती ओरडलीसुद्धा नाही. तिनं हात लावून पाहिला, बोटांना लागलेलं रक्त पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "माह्या लुगड्यावर सांडलं का वं?"

मग दगड येतच राहिले.

"खाली बसा! भिंतीला चिकटा!" मी ओरडले.

ही इमारत मला तळहातासारखी ठाऊक होती. मी मंदाकिनी तायडे, निंबखेडची वकील. वकिलीची सुरुवात मी याच दालनात केली होती. कापसाच्या भरभराटीच्या दिवसांत इंग्रजांनी काळ्या दगडात ते कोर्ट बांधलं. पुरुषभर उंच जोतं, समोर कमानींची पडवी, आत एकच मोठं दालन. खिडक्या मुद्दाम डोक्याच्या वर ठेवलेल्या, म्हणजे बाहेरच्या गर्दीला आतलं दिसू नये आणि आतल्या साक्षीदाराला बाहेरचे डोळे दिसू नयेत. एका टोकाला न्यायाधीशांचा चबुतरा होता आणि उजव्या भिंतीला लागून आरोपीचा, कमरेएवढ्या कठड्याचा सागवानी पिंजरा. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. तिथून एक अरुंद बोळ मागच्या कोठडीत जायचा. आरोपीला लोकांमधून आणायला नको म्हणून ही सोय. कोठडीतून बोळात, बोळातून थेट पिंजऱ्यात.

पुढं कोर्ट बसस्टँडपलीकडच्या नव्या इमारतीत गेलं आणि नगरपालिकेनं इथं समाजमंदिर केलं. लग्नं होऊ लागली, बारशी होऊ लागली, दुपारी रेहाना शेखचा शिवणवर्ग भरू लागला. पिंजरा मात्र तसाच राहिला, कारण त्याचे खांब फरशीत खोल पुरलेले होते. लग्नात त्याच्यात रुखवत मांडायचे. जिथं चोर-खुनी उभे राहायचे, तिथं शेवयांचे डोंगर आणि साखरेची तुळस. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

"ताई, पुढचा दरवाजा!" रेहाना धावतच गेली. तिनं आणि आणखी दोघींनी दाराच्या दोन्ही फळ्या लोटल्या आणि लोखंडी अडसर घातला. तेवढ्यात बाहेरून पहिला धक्का बसला. लाकडाचा ओंडका असावा. दारावरची धूळ आमच्या अंगावर पडली.

"अडवी बाटली करता का बे? बाहेर या, तुमालेच अडवं करतो!"

आवाज कुणाचा ते सगळ्यांना कळलं. शेषराव ढगे, दुकानाच्या मालकाचा माणूस. गाव त्याला शेषा म्हणायचं. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसलेली पारबताबाई घाटोळ हळूच उठून उभी राहिली.

पारबताबाईबद्दल सांगायला हवं. तिचा धाकटा मुलगा सुदाम. शाळेतल्या पोरांना दारू विकतात म्हणून त्यानं तक्रार केली होती. बाजाराच्या दिवशी, भर चौकात शेषानं लोखंडी सळईनं त्याची पाठ फोडली. सुदाम कमरेखाली कायमचा लुळा पडला. खटला याच दालनात चालला. सरकारी वकिलांच्या बाजूला मी पारबताबाईची वकील म्हणून बसले होते. चौकातली माणसं एकेक करून आली आणि शपथेवर म्हणाली, आम्ही काही पाहिलं नाही. शेषा त्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "साहेब, मी त्या दिवशी गावातच नव्हतो." तो सुटला. सुदामला स्ट्रेचरवर आणलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "म्हणजे मी खोटा ठरलो ना बाई?"

दारावर धक्के बसतच होते, पण दार हलत नव्हतं. चांगला सागवान होता. तेवढ्यात रॉकेलचा वास आला. पडवीत आदल्या लग्नाचं मांडवाचं कापड ठेवलेलं होतं, ते त्यांनी पेटवलं. दाराखालून धूर आत येऊ लागला. लहान मुलं घेऊन आलेल्या दोघीतिघी होत्या, त्यांची पोरं रडू लागली.

"पोलीस काऊन नाई येत?" कुणीतरी विचारलं.

पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं.

"शिवणवर्गाच्या पाण्याचा माठ आणा," मी म्हटलं. "पदर ओले करा, दाराच्या फटीत कोंबा."

बायका कामाला लागल्या. आणि मग, गंमत म्हणजे, दारावरचे धक्के थांबले. बाहेर शांत झालं. चंद्रभागा म्हणाली, "गेले वाटते." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग मागं कुठंतरी लाकूड फुटल्याचा आवाज आला. त्यांनी कोठडीचं बाहेरचं दार फोडलं होतं. शेषाला तो रस्ता ठाऊक होता. किती वेळा पोलिसांनी त्याला त्याच बोळातून आणलं होतं.

"पिंजरा!" मी ओरडले. "पिंजऱ्यातून येतायत!"

बुटकं दार आतल्या बाजूला आपटलं आणि शेषा वाकून बाहेर आला. हातात कुऱ्हाड होती. त्याच्या मागं बोळात आणखी माणसं होती, पण बोळ एका माणसापुरताच, त्यामुळे ती मागंच अडकलेली. शेषा ताठ उभा राहिला आणि त्यानं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. तो हसला. त्यानं कठड्यावर एक पाय टाकला.

रेहानानं पहिली कात्री फेकली. ती त्याच्या दंडाला लागली. त्यानं शिवी देऊन कुऱ्हाड फिरवली आणि पुढं झेपावलेल्या एका पोरीच्या हाताला पातं चाटून गेलं. तिचं किंचाळणं ऐकलं आणि बायकांची भीतीच संपली. एवढा वेळ त्या भिंतीला चिकटून होत्या. आता त्या सगळ्या एकदम उठल्या. खुर्च्या, इस्तऱ्या, फळ्याचं स्टँड, हाताला लागेल ते त्यांनी फेकलं. कुणी त्याचा कठड्यावरचा पाय धरला, कुणी शर्ट. चार जणींनी मिळून एक शिलाई मशीन उचललं, ते जुन्या घडणीचं, बिडाच्या पायांचं. तेच त्यांनी कठड्यावरून त्याच्या अंगावर लोटून दिलं.

त्याच्या गुडघ्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडल्यासारखा.

शेषा पिंजऱ्यात कोसळला. मशीन त्याच्या पायावर होतं. बोळातल्या माणसांनी ते पाहिलं आणि ती मागच्या मागं पळाली. धावती पावलं, मग कोठडीपाशी कुणीतरी पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. त्याला तिथंच टाकून ती गेली.

कुऱ्हाड कठड्याच्या अलीकडे पडली होती. ती पारबताबाईनं उचलली.

बायका बाजूला झाल्या. त्यांनी तिला वाट दिली, जशी गावात आजारी माणसाला न्यायला वाट देतात. पारबताबाईनं पिंजऱ्याची कडी काढली आणि कवाड उघडलं.

मी तिच्या आधी आत शिरले. कशी शिरले, ते आठवत नाही. मी तिच्यात आणि शेषात उभी होते, एवढंच आठवतं. माझी पाठ त्याच्याकडे होती.

"वकीलबाई, सरका."

"नाही, पारबताबाई."

"तुमाले काई करायचं नाई मले. सरका."

"तुम्ही याला मारलंत तर तुम्ही जेलात जाल."

"जाईन."

"सुदामला कूस कोण बदलून देईल? त्याच्या पाठीला जखमा होतात. कोण धुईल त्या?"

ती थांबली. माझ्याकडे तिनं इतक्या रागानं पाहिलं की तसा राग मी नंतर कुणाच्याच डोळ्यांत पाहिला नाही. "तुमीच म्हनल्या होत्या न," ती म्हणाली, "इथं न्याय भेटते म्हून? याच घरात? म्या त्या बाकावर बसून आयकलं सारं. ज्यायनं माह्या लेकाले उचलून दवाखान्यात नेलं, तेच म्हनले, आमी पायलं नाई. तवा कुठी होता तुमचा न्याय?"

"मला माहीत नाही."

"मंग सरका."

"नाही सरकत."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, होऊ द्या. आमी कोनालेच सांगनार नाई." दुसरी म्हणाली, "हा आपल्याले जाळाले आला होता." त्या दोघींचं म्हणणं खोटं नव्हतं.

पारबताबाईनं कुऱ्हाड उचलली. ती मला चुकवून मारायला गेली असणार. मी मात्र त्याच बाजूला झुकले. घाव माझ्या डाव्या खांद्यावर आला. पातं तिरपं वळलेलं होतं, म्हणून हात तुटला नाही, पण गळपट्टीचं हाड मोडलं आणि मांस उघडं पडलं. मी कठड्याला धरून खाली बसले. पोलक्याची बाही काही क्षणांत जड झाली.

कुऱ्हाड फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग पारबताबाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं तिचा पदर टराटरा फाडला आणि माझ्या खांद्यावर दाबून धरला. ती एकच वाक्य बोलत होती, "काऊन मधात आल्या, बाई? काऊन मधात आल्या?"

सगळ्या जणी माझ्याभोवती जमल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पुढचं दार उघडलं. पडवीतलं कापड जळून राख झालं होतं. मला उचलून बाहेर नेलं. त्या गडबडीत शेषाची माणसं त्याच बोळातून परत आली आणि त्याला ओढून घेऊन गेली. पोलीस आले तेव्हा पिंजरा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात होते. चंद्रभागा कपाळाला पट्टी बांधून रांगेत पहिली उभी होती म्हणतात. बाटली आडवी झाली, दुकान उठलं. गावात गुलाल उधळला. मला शुद्ध आली तेव्हा रेहाना उशाशी पेढे घेऊन बसलेली होती.

खटला मात्र दीड-दोन वर्षांनी उभा राहिला. मी बेशुद्ध असताना पोलिसांनी बायकांचे जबाब घेतले होते. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं होतं, वकीलबाईंना शेषानंच कुऱ्हाड मारली. माझ्या जबाबाच्या वेळी मी भुलीत होते. जमादारानं तेच लिहून घेतलं आणि माझा अंगठा उठवला. शेषाच्या वकिलाचा बचाव जुनाच होता, आरोपी तिथं नव्हताच. गुडघा मोटारसायकलवरून पडून मोडला, तसं एका खाजगी दवाखान्याचं सर्टिफिकेट होतं. आणि बायका एका पक्षाच्या, वकीलबाईनं पढवलेल्या, असं त्याचं म्हणणं.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील म्हणाले, "ताई, जबाबाला धरून राहा. एका वकिलावर कुऱ्हाडीचा घाव, हा आपला सगळ्यात पक्का मुद्दा आहे. तो गेला तर केस गेली."

मी मान हलवली. काय करायचं ते माझं ठरलेलं नव्हतं. खरं सांगितलं तर पारबताबाई आरोपी होणार होती आणि शेषा कदाचित सुटणार होता. खोटं सांगितलं तर चौकातल्या त्या साक्षीदारांत आणि माझ्यात काय फरक उरणार होता?

त्याच संध्याकाळी पारबताबाई घरी आली. चहा घेतला नाही. पायरीवरच बसली.

"उद्या काय सांगसान, बाई?"

"तुम्ही काय म्हणता?"

"खरं सांगा."

"पारबताबाई, तुमच्यावर गुन्हा होईल."

"होऊ द्या. माह्या सुदामच्या वक्ती शपथ घेऊन सारे खोटं बोलले. आता शपथ घेऊन तुमी खोटं बोलल्या आन आपन जितलो, तं मी घरी जाऊन त्याले काय सांगू? म्हनू, पाय बेटा, आपल्यालेई आलं खोटं बोलता?" ती उठली. "तुमी खरंच सांगजा."

नव्या कोर्टात सगळं सिमेंटचं होतं. आरोपीसाठी पिंजरा नव्हता, नुसता पाइपचा कठडा. शेषा त्याला धरून उभा होता, एक पाय आखडलेला. सरकारी वकिलांनी विचारलं, "आपल्या खांद्यावर कुऱ्हाड कोणी मारली?"

"पारबताबाई घाटोळ यांनी."

सरकारी वकिलांच्या हातातला कागद खाली आला. शेषाचा वकील असा उठला जणू त्याला लॉटरी लागली होती.

"म्हणजे आरोपीनं तुम्हाला हातही लावला नाही?"

"नाही."

"मग या बाईनं तुम्हाला का मारलं? तुमचं भांडण होतं?"

"तिला मला मारायचं नव्हतं. पिंजऱ्यात पडलेल्या शेषरावला मारायचं होतं. मी मधे आले."

"पिंजऱ्यात कोणी नव्हतं, मॅडम. माझा अशील त्या इमारतीत आलाच नव्हता. कोणी कोणाला मारायला आलं नाही, आणि तुम्ही कोणाला वाचवलंही नाही. बायका-बायकांत भांडण झालं, त्यात तुम्हाला लागलं आणि तुम्ही ही सगळी गोष्ट रचलीत. बरोबर?"

"नाही," मी म्हटलं. पण माझ्याच कानांना ते पोकळ वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून पारबताबाई उठली. शिपाई तिला बसवायला धावला, तोवर ती मोठ्यानं बोलत सुटली होती.

"नव्हता म्हनते! अवं, लेकरावानी रडत होता हा! 'आई, आई' करत होता! हात जोडून माह्या पाया पडला, धोतर ओलं केलं यानं! बाई मधात नसती तं मेला असता रडता रडता!"

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. "बाई, खाली बसा!"

पण शेषा आधीच ओरडला होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो कठड्यावरून अर्धा बाहेर आला होता. "खोटं बोलते बुढी! मी रडलो नाई! कुऱ्हाड माह्या मानेवर आली तरी मी रडलो नाई! आन धोतर नव्हतं, पँट होती माही!"

शेषाच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. शेषानं इकडे तिकडे पाहिलं. त्याला काय झालं ते त्याच्या वकिलाचा चेहरा पाहून कळलं असावं. न्यायाधीश टंकलेखकाकडे वळून शांतपणे म्हणाले, "आरोपी काय बोलला ते शब्दशः घ्या."

त्यानंतर शेषा तिथं होता ही बायकांची साक्ष खोटी म्हणायला कुणाला जागा उरली नाही. शेषाला आणि त्याच्या माणसांना सक्तमजुरी झाली. पारबताबाईवर माझ्या दुखापतीचा वेगळा खटला झाला. मी न्यायाधीशांकडे तडजोडीची परवानगी मागितली, ती मिळाली आणि पारबताबाई सुटली.

शेषाला शिक्षा झाली त्या दिवशी पारबताबाईनं मला सोबत यायला सांगितलं. तिच्या घरी सुदाम खाटेवर पडून होता. तोवर तो तिशीचा झाला होता. दाढी वाढलेली होती आणि पायांच्या जागी पांघरुणाखाली जवळजवळ काही नव्हतं. त्यानं किती वर्षांची शिक्षा झाली ते विचारलं नाही.

"त्यानं कबूल केलं, आई? तो तिथं होता म्हून?"

"केलं. सगळ्यायच्या समोर."

"कसं केलं?"

पारबताबाईनं खाटेच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. वकील काय म्हणाला, ती कशी उठली, तो कसा ओरडला. सुदाम छताकडे पाहत ऐकत होता. मग त्यानं मान वळवली.

"तो खरंच रडला होता का वं?"

"नाई." पारबताबाईनं त्याच्या डोक्याखालची उशी नीट केली. "रडला नाई तो. दात दाबून पडला होता. वकीलबाईची पाठ होती त्याच्याकडे, म्या पायला."

"मंग तू कोर्टात..."

"शपथ वकीलबाईनं घेतली होती, बापा. म्या कुठी घेतली होती?"

सुदामचं पोट हलू लागलं, आणि खाट करकरली. तो हसत होता. हसता हसता त्याला खोकला आला, तरी तो थांबेना. पारबताबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि मग तीही हसू लागली.